वाचकांचे प्रश्न : दूध दोघांचे, विरजण आईचे

प्रश्न : माझी नात नवी मुंबईतील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. गेल्या महिन्यात त्यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांच्या दोन वाणांचा संकर केला. ‘कॅन्टन-एस’ वाणाची मादी आणि ‘हार्विच’ वाणाचा नर अशी जोडी लावली, तेव्हा झालेली संतती जवळजवळ सगळी वांझ निघाली. मादी हार्विचची आणि नर कॅन्टन-एसचा अशी उलट जोडी लावली, तेव्हा मात्र संततीला काहीही झाले नाही. आईवडिलांकडून गुणसूत्रे निम्मी-निम्मी येतात असे आम्ही शाळेत शिकलो. मग जोडी उलटी केल्याने एवढा फरक कसा पडतो? नातीने ‘उड्या मारणारी जनुके’ असे काहीतरी सांगितले, पण वाशीची लोकल पकडण्याच्या घाईत ते अर्धवटच राहिले. सोबत तिचाही एक प्रश्न जोडला आहे.
— एक निवृत्त बँक कर्मचारी, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्या नातीने पाहिलेला प्रकार मार्गारेट किडवेल, जेम्स किडवेल आणि जॉन स्वेड यांनी १९७७ मध्ये नीट मांडला आणि त्याला ‘हायब्रिड डिसजेनेसिस’ असे नाव दिले. आपण त्याला संकरदोष म्हणू. आधी माशीची ओळख करून द्यायला हवी. घरात केळी दोन दिवस जास्त राहिली की सालीभोवती तांबड्या डोळ्यांची, तिळाएवढी चिलटे जमतात. त्यांच्याच कुळातील ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर ही जात प्रयोगशाळांतून शंभराहून अधिक वर्षे पाळली जात आहे. आंब्यात अळ्या पाडणारी फळमाशी निराळी. तिच्याविषयी तुर्भ्याच्या एका वाचकांनी विचारले आहे, त्याचे उत्तर पुढे येईल.

आता उड्या मारणाऱ्या जनुकांविषयी. गुणसूत्रातील डीएनएचे काही तुकडे आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात, किंवा आपली प्रत काढून ती दुसरीकडे बसवतात. त्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात मक्याच्या दाण्यांवरील रंगीत ठिपक्यांचा माग काढताना ते शोधले. त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळायला मात्र १९८३ साल उजाडावे लागले. गंमत अशी की, फळमाशीच्या आनुवंशिकीचा पाया ज्या पांढऱ्या डोळ्यांच्या नरावर रचला गेला, तो १९१० मध्ये टॉमस हंट मॉर्गन यांना सापडलेला नरही अशाच एका तुकड्याची करामत होता. डोळ्यांच्या रंगाच्या जनुकात ‘डॉक’ नावाचा ट्रान्सपोझॉन घुसला होता, आणि ही गोष्ट कळेपर्यंत त्या नराच्या वंशजांवर अनेक दशके काम होऊन गेले होते.

आपल्या प्रश्नातला तुकडा ‘पी-एलिमेंट’ या नावाने ओळखला जातो. पूर्ण लांबीचा पी-एलिमेंट २,९०७ अक्षरांचा असतो (डीएनएच्या साखळीतील एकेक रासायनिक दुवा म्हणजे एक अक्षर). त्याच्या दोन्ही टोकांना एकमेकांची उलटी आवृत्ती असलेली ३१-३१ अक्षरे असतात आणि मधल्या भागात ‘ट्रान्सपोझेज’ नावाचे विकर (एन्झाइम) तयार करण्याची कृती लिहिलेली असते. हे विकर ती टोके ओळखते, तुकडा कापून काढते आणि दुसऱ्या जागी बसवते. एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवल्याने त्यांची संख्या कशी वाढेल, अशी शंका कोणालाही येईल. कापलेल्या जागी जी फट पडते ती बुजवताना पेशी जोडीच्या गुणसूत्राकडे पाहून मजकूर उतरवून घेते, आणि तिथे पी-एलिमेंट शाबूत असेल तर रिकाम्या जागी तो पुन्हा लिहिला जातो. म्हणजे गळती बुजवणारा गवंडीच घुसखोराला नवी खोली बांधून देतो.

हार्विच वाणात या तुकड्याच्या तीस ते पन्नास प्रती असतात, तर कॅन्टन-एसमध्ये एकही नसते. कारण साधे आहे. कॅन्टन-एसचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या बाटलीत वाढत होते, तेव्हा बाहेरच्या रानटी माश्यांमध्ये हा तुकडा अजून पसरलेला नव्हता. हार्विचच्या माश्या अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९६० च्या दशकात पकडल्या गेल्या, तोवर तो पसरला होता. तो आला ड्रोसोफिला विलिस्टोनी या दूरच्या नात्यातील जातीकडून. दोन्ही जातींतील पी-एलिमेंट शेजारी ठेवून वाचले तर २,९०७ अक्षरांत फक्त एका अक्षराचा फरक सापडतो, आणि ज्या जाती कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या त्यांच्यात वारसाहक्काने आलेला तुकडा इतका सारखा राहूच शकत नाही. माश्यांच्या अंड्यांना सोंड लावत फिरणाऱ्या एखाद्या सूक्ष्म कोळिकीटकाने तो इकडून तिकडे नेला असावा, असा एक कयास १९९१ मध्ये मांडला गेला.

आता जोडीच्या दिशेकडे वळू. हार्विचच्या नराकडून आलेल्या प्रती कॅन्टन-एसच्या अंड्यात शिरतात, तेव्हा त्यांना अडवणारे तिथे कोणीच नसते. संततीच्या जननपेशींत त्या उड्या मारू लागतात, गुणसूत्रे जागोजागी तुटतात आणि जननपेशी मरतात. उबवणपेटी २९ अंश सेल्सिअसवर असेल तर हा परिणाम अगदी ठळक दिसतो. तो पाहण्याची पद्धतही साधी आहे : मादीला बेशुद्ध करून दोन काचपट्ट्यांमध्ये, पाण्याच्या थेंबात, हलकेच दाबायचे. मादी निरोगी असेल तर तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी बाहेर येतात आणि प्रत्येक अंड्याच्या एका टोकाला दोन बारीक शिंगे दिसतात. संकरदोष असलेल्या मादीतून एकही अंडे येत नाही, कारण पोट भरून राहणाऱ्या अंडाशयाच्या जागी दोन सुकलेले धागे तेवढे उरलेले असतात.

हार्विचच्या मादीच्या अंड्यात मात्र गुणसूत्रांखेरीज आणखी एक गोष्ट असते, आणि आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तीच आहे. अंड्याच्या पेशीद्रव्यात आईने पीआय-आरएनए नावाचे, साधारण २३ ते २९ अक्षरांचे, आरएनएचे (म्हणजे डीएनएवरून उतरवलेल्या नकलेचे) असंख्य बारीक तुकडे भरून ठेवलेले असतात. ते येतात कुठून, हे २००७ मध्ये ज्युलियस ब्रेनेके आणि ग्रेग हॅनन यांच्या गटाने दाखवले. माशीच्या गुणसूत्रांवर असे १४२ पट्टे त्यांना सापडले, जिथे जुन्या, मोडक्या, अर्ध्या तुटलेल्या ट्रान्सपोझॉनचे अवशेष एकावर एक पडलेले आहेत. शीळ-डायघरच्या रस्त्यावरील भंगाराच्या गोदामांत जसे कुठल्या कुठल्या गाड्यांचे दरवाजे आणि बंपर रचलेले असतात, तसाच हा साठा असतो. त्यातले काहीही चालू अवस्थेत नसते, पण कोणत्या गाडीचा भाग कसा दिसतो हे तेथे उभे राहून सांगता येते. माशीला ट्रान्सपोझॉन म्हणजे काय हे मुळातून ओळखता येत नाही. जो तुकडा पूर्वी कधीतरी फिरता फिरता या साठ्यात येऊन पडला, तेवढाच तिला ओळखीचा होतो.

या पट्ट्यांवरून लांब आरएनए निघतो आणि त्याचे बारीक तुकडे होतात. पीवी, ऑबर्जिन आणि आर्गोनॉट-३ या तीन प्रथिनांच्या हाती ते तुकडे दिले जातात. ऑबर्जिनकडचा तुकडा जागत्या ट्रान्सपोझॉनच्या संदेशाला, म्हणजे त्यावरून निघालेल्या आरएनएला, उलट बाजूने चिकटतो आणि ऑबर्जिन तो संदेश कापते. कापलेला भाग वाया जात नाही. तो आर्गोनॉट-३ च्या हाती लागतो, आणि त्याच्या आधारे ते भंगारपट्ट्याचा आरएनए कापून ऑबर्जिनसाठी पुन्हा नवा तुकडा तयार करते. ब्रेनेके-हॅनन यांच्या गटाने आणि जपानमधील सिओमी यांच्या गटाने त्याच वर्षी हे चक्र स्वतंत्रपणे ओळखले. समोरासमोरच्या तुकड्यांची पहिली १० अक्षरे एकमेकांना तंतोतंत जुळत होती, हीच त्याची खूण. त्याला ‘पिंग-पाँग’ असे नाव पडले. ट्रान्सपोझॉन जितका बोलेल, तितकी त्याला गप्प करणारी सामग्री वाढते. तिसरे प्रथिन पीवी केंद्रकात जाते आणि ट्रान्सपोझॉन जिथे वाचला जात असेल तिथल्या डीएनएभोवतीच्या हिस्टोन प्रथिनांवर खुणा करवून तो भाग घट्ट गुंडाळायला लावते. मग संदेश निघण्याचीच सोय राहत नाही. पीवीचे नाव ज्या लांब इंग्रजी नावाचे लघुरूप आहे त्याचा अर्थ ‘पी-एलिमेंटमुळे दुबळे झालेले वृषण’ असा आहे. पी-एलिमेंट घुसून एक जनुक बिघडले, म्हणून ते जनुक सापडले, आणि पुढे कळले की पी-एलिमेंटला आवर घालण्याचे काम त्याच जनुकाकडे आहे. पहारेकऱ्याला चोराचे नाव पडण्याचे असे उदाहरण विज्ञानात दुसरे क्वचितच असेल.

हे चक्र सुरू व्हायला आधी थोडे तुकडे हातात असावे लागतात. इथे आपल्या घरातली उपमा चपखल बसते. दूध कितीही चांगले असले तरी कालच्या दह्याचा चमचाभर भाग घातल्याशिवाय दही लागत नाही. संततीला दूध, म्हणजे गुणसूत्रे, आई आणि वडील दोघांकडून मिळते. विरजण मात्र आईच्याच भांड्यातून येते, कारण शुक्राणूत पेशीद्रव्य जवळजवळ नसते. कॅन्टन-एसच्या आईकडे पी-एलिमेंटचे विरजण नाही, म्हणून वडिलांकडून पी-एलिमेंट आला की संतती उघडी पडते. हार्विचच्या आईकडे ते आहे, म्हणून तेच गुणसूत्र तिच्या अंड्यात निमूट राहते. आईकडून येणारे हेच तुकडे संकरदोष टाळतात, हे २००८ मध्ये दाखवले गेले. त्याहून आधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, स्तेफान रोन्सरे यांनी फ्रान्समध्ये पाहिले होते की एक्स गुणसूत्राच्या टोकाशी बसलेल्या पी-एलिमेंटच्या एक-दोन प्रतीसुद्धा आईकडून आल्या तर बाकी सगळ्या प्रतींना धाकात ठेवतात. ते टोक म्हणजे असाच एक भंगारपट्टा आहे, हे नंतर उलगडले. उपमा मात्र इथेच सोडलेली बरी. विरजण कुठल्याही दुधाला चालते, पीआय-आरएनए मात्र ज्या ट्रान्सपोझॉनचा आहे त्यालाच लागू पडतो.

प्रश्न : पी-एलिमेंट जननपेशींतच उड्या मारतो आणि माशीच्या पंखांत, डोळ्यांत किंवा पायांत गप्प राहतो, असे आमच्या पाठ्यपुस्तकात आहे. तिथेही पीआय-आरएनएच पहारा देतात का?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : नाही, तिथला उपाय वेगळा आहे आणि तो पी-एलिमेंटच्या स्वतःच्या मजकुरातच दडलेला आहे. ट्रान्सपोझेजच्या संदेशात मध्ये मध्ये तीन निरर्थक भाग असतात आणि ते कापून उरलेले जोडले तरच पूर्ण विकर तयार होते. तिसरा निरर्थक भाग फक्त जननपेशींतच कापला जातो, हे फ्रँक लास्की, डोनाल्ड रिओ आणि जेराल्ड रुबिन यांनी १९८६ मध्ये दाखवले. बाकी शरीरात पीएसआय नावाचे एक प्रथिन सोबत्यांसह त्या जागेजवळ ठाण मांडून कात्री चालू देत नाही. परिणामी ८७ किलोडाल्टनचे (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) पूर्ण विकर न होता ६६ किलोडाल्टनचे खुंटलेले प्रथिन तयार होते, आणि हे खुंटलेले प्रथिन नुसते निकामी नसते, तर उड्यांना विरोधही करते.

यात पी-एलिमेंटचाही स्वार्थ आहे. पंखाच्या पेशीत मारलेली उडी पुढच्या पिढीत जात नाही. तिथे गोंधळ घातला तर वाहन मोडते आणि प्रवाशाला काही मिळत नाही. पण प्रत्येक ट्रान्सपोझॉन इतका शहाणा नसतो, म्हणून शरीरातील पेशींना स्वतःचाही एक बंदोबस्त आहे. डायसर-२ आणि आर्गोनॉट-२ ही प्रथिने २१ अक्षरांचे आरएनए तुकडे करून इतर ट्रान्सपोझॉनचे संदेश कापतात. विषाणूंशी लढणारी यंत्रणाही हीच.

अंडाशयातील एक सीमावर्ती भाग इथे सांगायलाच हवा. अंड्याभोवती ज्या आवरणपेशी असतात त्या जननपेशी नव्हेत, पण तिथे जागा झालेला ‘जिप्सी’ नावाचा ट्रान्सपोझॉन विषाणूसारखे कण तयार करून शेजारच्या अंड्यात शिरू शकतो. त्याला आवरणारी एक जागा एक्स गुणसूत्रावर आहे आणि तिला फ्रेंच संशोधकांनी १९९५ मध्ये ‘फ्लेमेंको’ हे नाव दिले. जिप्सींचे नृत्य म्हणून. बरीच वर्षे लोक तिथे एखादे जनुक, एखादे प्रथिन शोधत राहिले आणि काही सापडेना. २००७ नंतर लक्षात आले की तिथे प्रथिनाची कृती नाहीच; तो सुमारे १,८०,००० अक्षरांचा भंगारपट्टा आहे, आणि त्यातले बहुतेक अवशेष एकाच उलट्या दिशेने पडलेले असल्यामुळे त्यातून निघणारा जवळजवळ प्रत्येक तुकडा शत्रूच्या संदेशाला चिकटेल असाच असतो. आवरणपेशींत पिंग-पाँग चालत नाही. तिथे एकटे पीवी काम करते.

प्रश्न : इतका त्रास देणारे तुकडे माशीने आजवर कायमचे काढून का टाकले नाहीत?
— एक वाचक, खारघर

उत्तर : माशीच्या डीएनएचा साधारण पाचवा हिस्सा अशा तुकड्यांचा आहे. आपल्यात तो जवळजवळ निम्मा आहे, तेव्हा तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय सगळेच काढून टाकले तर माशी जगणार नाही. बहुतेक प्राण्यांत गुणसूत्रांची झिजणारी टोके टेलोमरेज नावाचे विकर पुन्हा वाढवते. फळमाशीकडे ते विकरच नाही. तिची टोके हेट-ए, टार्ट आणि टाहरे हे तीन ट्रान्सपोझॉन सांभाळतात. ते आपल्या प्रती टोकाला एकापुढे एक जोडत राहतात. त्यांनाही मोकाट सोडलेले नाही, पीआय-आरएनए त्यांचाही वेग मोजूनमापून ठेवतात.

काही वेळा चुकून फायदाही होतो. ‘अ‍ॅकॉर्ड’ नावाचा एक ट्रान्सपोझॉन विषारी पदार्थ पचवणाऱ्या एका जनुकाशेजारी जाऊन बसला, त्या जनुकाचे काम वाढले आणि माशी डीडीटीला दाद देईनाशी झाली. २००२ मध्ये हे उघड झाले. अशा एखाद्या अपघाताच्या आशेवर माशीने हे तुकडे सांभाळले, असे म्हणणे मात्र मला पटत नाही. अपघातांत बहुतेक वेळा नुकसानच होते.

प्रश्न : मी तुर्भ्याच्या फळबाजारात आंब्याचा व्यापार करतो. फळमाशीमुळे परदेशात पेट्या नाकारल्या जातात. आपण सांगता त्या संशोधनाचा या माशीवर काही उपयोग आहे का?
— एक व्यापारी, तुर्भे

उत्तर : आपली फळमाशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस आणि तिची भावंडे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये भारतीय आंबा थांबवला तो या कुळामुळे. ती पक्व होत आलेल्या फळाची साल टोचून आत अंडी घालते. चिलट मात्र सडू लागलेल्या फळावर बसते, म्हणून आपल्या पेटीतल्या अळीचा दोष त्याच्यावर जात नाही.

दोन्हींचा संबंध असा. रुबिन आणि अ‍ॅलन स्प्रॅडलिंग यांनी १९८२ मध्ये पी-एलिमेंटच्या टोकांमध्ये हवे ते जनुक बसवून ते ड्रोसोफिलाच्या गुणसूत्रात घालण्याची रीत बसवली. हीच रीत फळबागांच्या माश्यांवर वापरावी असे साहजिकच अनेकांच्या मनात आले, पण पी-एलिमेंट ड्रोसोफिलाच्या कुळाबाहेर चालेना. शेवटी भूमध्यसागरी फळमाशीत १९९५ मध्ये ‘मिनोस’ नावाचा दुसरा ट्रान्सपोझॉन यशस्वी झाला, आणि आपल्या बॅक्ट्रोसेरात एका पतंगाच्या पेशींत सापडलेला ‘पिगीबॅक’. हे सर्व प्रयोगशाळेतले झाले. आपल्या पेटीसाठी आज कामाचे आहेत ते बागेतले ‘रक्षक’ नावाचे सापळे, पडलेली फळे वेळच्या वेळी पुरणे आणि निर्यातीपूर्वीची उष्णबाष्प प्रक्रिया.

प्रश्न : (पहिल्या पत्रासोबत) आजोबांनी लिहिलेल्या प्रयोगातील वांझ माद्या आम्ही पाचव्या दिवशी टाकून दिल्या. मॅडम म्हणाल्या, त्या आणखी ठेवायला हव्या होत्या. का?
— नात

उत्तर : मॅडमचे बरोबर आहे. विल्यम थ्युरकॉफ यांच्या गटाने २०११ मध्ये अशाच माद्यांचे वय वाढू दिले. दोन ते चार दिवसांच्या असताना ज्या पूर्ण वांझ होत्या, त्यांतल्या बऱ्याच तीन आठवड्यांच्या होईतो पुन्हा अंडी घालू लागल्या. विरजण आईकडून मिळाले नव्हते, पण वडिलांच्या गुणसूत्रांबरोबर पी-एलिमेंटचा भंगारपट्टा आला होता. त्यावरून तुकडे सावकाश तयार होत गेले. गोंधळाच्या काळात काही ट्रान्सपोझॉन नव्याने अशा पट्ट्यांत जाऊन पडले आणि तिथेच अडकले, आणि हा बदल पुढच्या पिढीलाही मिळाला.

अर्थात अंडाशयात काही मूलपेशी तग धरून असतील तरच हे घडते. २९ अंशांवर वाढलेल्या तुमच्या माद्यांत त्या उरल्या असण्याची शक्यता फार कमी. पुढच्या खेपेस एक बाटली २९ वर आणि एक त्याहून चार-पाच अंश खाली अशा दोन लावा आणि दोन्हींतल्या माद्या नरांसह पुरेपूर तीन आठवडे सांभाळा. दर तीन-चार दिवसांनी त्यांना मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगर यांच्या ताज्या खाद्यावर हलवावे लागेल, नाहीतर पावसाळी हवेत खाद्याला पाणी सुटून माद्या त्यालाच चिकटून मरतात आणि वांझपणाने मेल्या की चिकटून, हे कळत नाही. रिकामी केलेली प्रत्येक बाटली तारीख लिहून ठेवा. अंडे नजरेतून सुटले तरी आठवड्याभरात काचेवर चढणारी अळी सुटणार नाही.